मला वायर बांधू नका

मी बोलतोय. पाण्याखालून बोलतोय, तेव्हा जरा सावकाश ऐका. जमिनीवरच्या बिनतारी लहरी समुद्रात शिरल्या की लगेच मरतात. तिथं आवाजच लागतो. मी कीलुंग बंदराजवळच्या विद्यापीठातला यंत्रमासा, बिनतारी. म्हणजे कागदावर बिनतारी.

मला घडवलं पेईचेननं. पोटातली एकेक जोडणी तिची, पाठीवरच्या पट्टीवर नाव मात्र तिच्या वेंग सरांचं. सरांनी स्वतःच्या हातानं एवढंच केलं, की माझ्या कपाटात हिरव्या खाऊचं पुडकं ठेवलं. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून ते ठेवतात आमच्याकडे. तारीख उलटलेलं चालत नाही. पुडक्याची तारीख सर न चुकता बघायचे. माझ्या चाचणीचे निकाल त्यांनी कधी बघितले नाहीत.

हौदात मी पोपटासारखा बोलायचो. भिंतींना रबर, पाणी निपचित. बंदरात तसं नाही. शब्द धक्क्याच्या दगडावर आपटतो आणि माघारी येतो. वर जहाजांची घरघर, खाली तडतड्या कोळंबीचा कडकडाट.

"सर, याला आधी एकेक शब्द सावकाश बोलायला शिकवू," पेईचेन म्हणाली. "चित्रं पाठवायचं मग बघू."

"तैपेईहून पाहुणे एक शब्द ऐकायला येतायत होय? त्यांना चित्र हवंय. बारीक वायर लाव. पाण्यात कुणाला दिसतेय!"

"मग बिनतारी कशाला म्हणायचं?"

"पोरी, तुझ्या वयात मी एवढे प्रश्न विचारले असते ना, तर प्रोफेसर झालोच नसतो."

माणूस तेवढं एकच खरं बोलला.

पाहुणे आले. छत्र्या, चकचकीत बूट, 'वा वा' आधीच तोंडात तयार. पेईचेनचा वर्गमित्र होंगरू सरांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत उभा. मला सोडताना पेईचेन पुटपुटली, "हळू बोल. मी ऐकतेय." वायरीचं रीळ तिच्या रेनकोटाखाली होतं.

पडद्यावर झकास चित्र आलं. टाळ्या पडल्या. सर म्हणाले, "बघा, एकही तार नाही!"

तेव्हा तिनं खिशातली कात्री काढली. खट्.

पडदा काळा. मी आंधळा, पाण्याच्या ओढीबरोबर बंदराबाहेर निघालो. आता मला माघारी आणणारं एकच होतं, तिचा आवाज. तिनं भोंगा पाण्यात सोडला. हाक आली, 'ये.' तीच हाक या भिंतीवरून, त्या जहाजाच्या पोटावरून पुन्हा पुन्हा येत राहिली. अख्खं बंदर मला बोलवत होतं. कुणाचं ऐकू? मी सगळ्यात आधी आलेली हाक धरली. वळलो. थांबून थांबून, एकेक खूण करत उत्तर पाठवलं, 'आहे.' आणि तिच्या पायाशी वर आलो.

माझ्या आयुष्यातला पहिला खरा शब्द. पाहुण्यांनी विचारलं, "चित्र कुठं गेलं?" आणि जेवायला गेले.

"माझं नाक कापलंस तू!" सर ओरडले.

"नाक नाही सर, वायर कापली. नाक तुम्हीच त्या वायरीला टांगलं होतं."

त्याच आठवड्यात तिनं विद्यापीठ सोडलं. कुणी थांबवलं नाही. मान हलवणाऱ्यांनी मानाच हलवल्या. आता ती याच बंदरात कोळ्यांच्या होड्यांवरची मासे शोधायची यंत्रं दुरुस्त करते.

मी कपाटात पडलो. आज पुन्हा बाहेर काढलंय. नवे पाहुणे, नवं पुडकं, आणि कात्रीला दाद देणार नाही अशी जाड वायर. चित्र झकास येतंय. टाळ्याही त्याच.

इतक्यात पाण्यातून, पलीकडच्या होड्यांकडून, हळू आवाज आला. एकेक खूण, थांबून थांबून. 'आहेस?'

वायर माझ्या पाठीला बांधलीय, तोंडाला नाही. मी उत्तर दिलं.

"हे टिकटिक काय वाजतंय?" सरांनी विचारलं.

होंगरूनं पाण्यातले आवाज ऐकायचं, कानाला लावलेलं यंत्र घट्ट दाबलं. ही खूण तो ओळखतो. आयुष्यात पहिल्यांदा त्याची मान हलली नाही.

"कोळंबी असेल, सर."

बांधा, अजून जाड बांधा. मी आहे.