लाल दिसलं की पास

नर्सिंगच्या शाळेतल्या मुली त्याला हातवाले काका म्हणायच्या आणि त्याला ते आवडायचं, खोटं कशाला बोला. तिसऱ्या मजल्यावरच्या सरावाच्या खोलीत रबराचे सहा हात होते, खांद्यापासून बोटांपर्यंत, आणि गेली बावीस वर्षं त्यांचं न्हाणंधुणं त्याच्याकडे होतं. दिवसभर मुली त्या हातांना टोचून टोचून त्यांची चाळण करायच्या. संध्याकाळी हा रबराची कातडी मोज्यासारखी उतरवायचा, गळक्या नळ्या ओढून काढायचा, नव्या घालायचा, आतून साबणाचं पाणी लावून कातडी परत चढवायचा आणि वरून पावडर फासायचा. मग खुंटीवरच्या पिशवीतून लाल पाणी सोडलं की शिरा टरारून वर यायच्या.

त्यानंतर तपासणी. एकेका शिरेत सुई घालायची, मागे लाल दिसलं की तोंडाने "पास" म्हणायचं, सुई ओढायची, कापसाने पुसायचं, पुढची शीर. सहा हात, हाताला चार शिरा, दररोज. एखाद्या डॉक्टरने जन्मात टोचलं नसेल इतकं या माणसाने टोचलं होतं, आणि हे आपण सांगायची गरज नाही, तो स्वतःच येताजाता सांगायचा. "शीर शोधणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ," असं नव्या मुलींपुढे छाती फुगवून बोलायची त्याला खोडच होती.

घरी बायको दोन महिने उताणी पडून होती. तिच्या मणक्यात जंतू शिरले होते. उठायचं नाही, बसायचं नाही, जिना उतरणं तर लांबच. रोज सकाळी एक बाटली औषध शिरेतून जायला हवं. शेजारच्या इमारतीतल्या नर्सबाई येऊन तिच्या हातात बारीक प्लॅस्टिकची नळी बसवून जायच्या. ती तीन दिवस टिकायची, आणि तिला बाटली जोडणं तेवढं त्याला जमायचं. शनिवारी नर्सबाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. नशीब तरी कसं बघा, त्याच संध्याकाळी बायकोच्या हातातली नळी निसटली.

त्याने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, "हॉस्पिटलात गुरुवारपर्यंत खाट नाही, आणि दुसरी नर्स मिळायलाही तितकेच दिवस लागतील. मंगळवार सकाळच्या पुढे मात्र नेऊ नका. जंतू मज्जारज्जूपर्यंत पोचले तर पाय जातील, आणि गेलेले पाय परत येत नाहीत. ओळखीत कुणी टोचणारं आहे का?"

"मी आहे की," हा बोलून गेला.

बायकोने पलंगावरून ते ऐकलं आणि हसली. "बघा, घरातच माणूस होता आणि आपण उगाच परक्यांच्या विनवण्या करत होतो."

रविवारी सकाळी त्याने तीनदा प्रयत्न केला. डाव्या कोपरात, डाव्या पंजावर, मग उजव्या कोपरात. तिन्ही ठिकाणी सुई आत गेली आणि काहीच दिसलं नाही. तो आत चाचपडत राहिला, तिने चादरीचा कोपरा दातांत धरला, आणि तिन्ही ठिकाणी निळी टेंगळं वर आली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आता उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एकच धड शीर राहिली होती. नर्सबाई नेहमी म्हणायच्या, "हिला हात लावू नका, ही अडीनडीला ठेवलीय." त्या शिरेला हात न लावण्याइतकी अक्कल त्याला उरली, एवढंच.

"असू दे," ती म्हणाली. "दमलात तुम्ही. उद्या बघू."

दमलात म्हणे. टोचलं तिला आणि दमला हा. स्वयंपाकघरात जाऊन तो नळ सोडून उभा राहिला आणि रडला, अगदी हुंदके देऊन.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो सरावाच्या खोलीत शिरला. रबराचा हात टेबलावर घेतला आणि सुई घातली. लाल. दुसरी शीर, लाल. पंचवीस वेळा टोचलं, पंचवीस वेळा पास. मग घरी काय धाड भरली होती या हाताला? त्याने हताश होऊन कपाळ टेबलावर टेकलं.

तेवढ्यात मॅडम आल्या. या मॅडम शिकवणाऱ्यांतल्या सगळ्यांत जुन्या, बोलायला फटकळ. बाकीच्या मॅडम परीक्षेच्या कामाला परगावी गेल्या होत्या, आणि मुलींना अजून खऱ्या माणसाला टोचायची परवानगी नव्हती. त्याने लाज गुंडाळून ठेवली, सगळं सांगितलं आणि हात जोडले. "तुम्ही या ना घरी, मॅडम. पाच मिनिटांचं काम आहे."

मॅडमनी आपला उजवा हात त्याच्यापुढे धरला. बोटं थरथरत होती. "हे असं सुरू झालं म्हणून तर मला वॉर्डातून इथे पाठवलं, काका. माझ्या हातात सुई दिलीत तर ती शेवटची शीरही जाईल. तुम्हीच करा. टोचून दाखवा मला."

त्याने टोचलं. लाल.

"आता डोळे मिटून."

त्याने डोळे मिटून टोचलं. तेही लाल. एवढ्या संकटातही त्याने सवयीने मान वर करून शाबासकीसाठी बघितलं.

"तुम्ही शीर शोधतच नाही, काका," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला ती आठवते. नळ्या घातल्या कुणी? तुम्हीच ना?"

बावीस वर्षं स्वतः ठेवलेली वस्तू स्वतः काढून दाखवायची आणि मुलींकडून वाहवा घ्यायची, एवढीच त्याची कला.

मॅडमनी त्याला खिडकीकडे तोंड करून उभं केलं. मागे त्यांनी थरथरत्या हातांनी कातडी उतरवली, वाटेल तशा नळ्या घातल्या, परत कातडी चढवली. यात अर्धा तास गेला. पिशवी खुंटीवरून काढून त्यांनी अगदी खाली ठेवली, म्हणजे शिरा फुगणार नाहीत, आजारी माणसासारख्या मलूल राहतील. "आता शोधा," त्या म्हणाल्या.

चौदा वेळा त्याची सुई फुकट गेली. दोन रात्रींची झोप नाही, घाम डोळ्यांत उतरतोय, आणि वर मॅडमचा तोंडाचा पट्टा. "घाई कसली झालीय? आधी बोट ठेवा. दाबा. सोडा. मऊ उसळी लागते ना, ती शीर. बघू नका, बोटाला विचारा."

पाचच्या सुमाराला बोटाला ती उसळी लागली. त्याने सुई घातली. लाल. "पास," म्हणून त्याने सुई ओढली, पुसलं, पुढे सरकला. पुन्हा लाल. मॅडमनी दोनदा नळ्या बदलल्या, तरी सलग आठ वेळा लाल. मॅडम पहिल्यांदाच हसल्या.

सराव चालला होता साध्या सुईने. नळीवाल्या सुया परीक्षेपुरत्याच उरल्या होत्या, त्या वाया घालवता येत नव्हत्या. "आता पुढचं," मॅडम म्हणाल्या. "घरची सुई नळीवाली आहे, तिच्यावर ती प्लॅस्टिकची नळी चढवलेली असते. लाल दिसलं की थांबायचं. नळी आत सरकवायची आणि मगच सुई बाहेर. मग हाताला आवळलेली फीत सोडायची."

"मॅडम, बावीस वर्षं ऐकतोय हे. झोपेत विचारा," तो म्हणाला. शनिवारपासून पहिल्यांदा त्याच्या जिवात जीव आला होता.

मंगळवारी सकाळी त्याने हात तीनदा धुतले. औषधाची बाटली पडद्याच्या दांडीला अडकवली. बायको छताकडे बघत पडली होती, तिला मान वळवायलाही मनाई होती. रात्रीपासून तिच्या डाव्या पायाला मुंग्या येत होत्या. हे तिने सकाळी सांगितलं, तेही दोनदा विचारल्यावर.

"हा हात सोडून दे माझ्यावर," तो म्हणाला. "कालपासून शीर सापडायला लागलीय मला."

"सोडलाय कधीचाच," ती म्हणाली.

त्याने मनगटाच्या वर फीत बांधली. अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवलं. दाबलं, सोडलं. काही नाही. जीव टांगणीला लागला होता, पण त्याने घाई केली नाही. पुन्हा दाबलं, सोडलं, आणि बोटाखाली ती हलकी, मऊ उसळी लागली. सुई आत गेली. सुईच्या मागच्या पारदर्शक डबीत लाल थेंब चढला, दाट, खरा.

"पास," तो म्हणाला, आणि सुई ओढून घेतली. नळीसकट. कापसाने पुसलं. पुढच्या शिरेसाठी त्याची बोटं कोपराकडे सरकलीसुद्धा.

मग बोटं जागच्या जागी थांबली. कोपरात रविवारचं निळं टेंगूळ होतं. फीत अजून तशीच आवळलेली होती आणि अंगठ्याच्या मुळाशी कातडी बघता बघता फुगून काळीनिळी झाली. त्याने फीत ओढून सोडवली. त्या जागेवर कापूस धरून अंगठा दाबला आणि दाबतच राहिला. वर दांडीला बाटली गच्च भरलेली लटकत होती.

"झालं?" तिने छताकडे बघतच विचारलं. "अहो, या वेळी दुखलंसुद्धा नाही."