जिन्याच्या वळणावरची खुर्ची

एका सकाळी नऊ वाजता मला जिन्याच्या वळणावरून उचललं आणि जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं. उचलणारे हात माझ्यावर बसणाऱ्या मुलीच्या बाबांचे होते. उचलताना बाबा आनंदाने गाणं गुणगुणत होते.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. सुताराने मला उरलेल्या फळ्यांतून घडवलं, म्हणून माझा एक हात दुसऱ्यापेक्षा जरा रुंद आहे. बाबा शिंपी. "कपडे झालेत, फक्त बटणं राहिलीत," ही त्यांची थाप ऐकत गिऱ्हाइकं दुकानात माझ्यावर तासन्‌तास बसत.

त्यांची मुलगी कॉलेजात जाणारी. तिसऱ्या मजल्यावरच्या घरी ती एकेक पायरी गाळत चढायची. बाबा तिला वादळ म्हणायचे. मग तिला रक्ताचा कॅन्सर झाला. औषधांनी अंगातली ताकद ओढून नेली, तेव्हा बाबांनी मला दुकानातून खांद्यावर आणलं आणि वळणावर ठेवलं.

खालच्या काकू जाता-येता थट्टा करत, "काय गं, दरबार भरलाय वाटतं?"

"हो काकू. तुमचा अर्ज नामंजूर."

हसून झालं की तिचं डोकं माझ्या पाठीवर कलंडत असे. हा थकवा झोपून उतरणारा नव्हता. दात घासले तरी ती गळून जायची.

पुढे तपासणीचा अहवाल चांगला आला. "आता खुर्चीचं काय काम? माझं वादळ परत आलं!" बाबा म्हणाले.

"हो ना, बाबा," ती म्हणाली. तेव्हाही ती माझ्यावरच टेकली होती.

तेव्हापासून जिन्याखाली माझ्यावर धूळ साचते आहे. वळणावरचं मला आता फक्त ऐकू येतं. तिची पावलं रोज वळणावर थांबतात.

"थांबलीस का गं?" वरून घाबरा आवाज येतो.

"बुटाची लेस सुटली, बाबा."

मित्रांनो, तिच्या पायात चपला असतात.

एकदा काकूंनी तिला दारात गाठलं. "अगं, सांग ना त्यांना. हा थकवा बरेच महिने राहतो, असं डॉक्टर म्हणालेत ना?"

"मला म्हणाले. बाबा तेव्हा बाहेर सगळ्यांना फोन करत होते, पोरगी बरी झाली म्हणून. दमले म्हटलं की त्यांना वाटतं, आजार परत आला. मग जेवत नाहीत."

मित्रांनो, आजार गेला म्हणून माणसाची खुर्ची लगेच उचलू नका. आधी बसणाऱ्याला विचारा.

आज संध्याकाळी ती कॉलेजातून आली, पण वर गेली नाही. वाकून माझ्याकडे आली, ओढणीने धूळ पुसली आणि मला उचलू लागली. मी जमिनीपासून वीतभर सुटले आणि पुन्हा टेकले. मग ती तिथेच, अंधारात, माझ्यावर बसली.

"आलं का वादळ?" वरून हाक आली.

तिने ओ दिली नाही. लेसचं नावही काढलं नाही.

पुन्हा हाक आली. मग बाबांच्या चपला जिना उतरू लागल्या. आत्ता त्या वळणापर्यंत आल्या आहेत.