फडकं बांधलेलं बोट

तलासरीला सेवा मंडळाच्या दवाखान्यात एकनाथ कंपाउंडर होता, पण पार झरी गावापर्यंत सगळे त्याला डागतरच म्हणत आणि तोही कधी कुणाला दुरुस्त करत नसे. मंडळाची पिवळी कार्डं त्यानेच घरोघर वाटली होती. कार्ड दाखवायचं, औषध फुकट न्यायचं. झरीच्या हिरूला क्षयाची सुई दिवसाआड मिळत होती, ती त्या कार्डावरच.

बासष्टच्या निवडणुकीला मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब स्वतः उभे राहिले. मतदानाला आठ दिवस असताना त्यांनी एकनाथला बोलावून एक कागद दिला. एक मार्चपासून कार्डावर सुई बंद, फक्त गोळ्या.

"मतदान उरकलं की भिंतीला लाव," ते म्हणाले. "आत्ता कशाला लोकांच्या जिवाला घोर?"

लोकांच्या जिवाची केवढी ती काळजी! एकनाथने मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात दुसरा नव्हता.

कागद खिशात घालून तो त्याच दिवशी झरीला प्रचाराला गेला. हिरूची बायको तुळशी पुढे आली.

"डागतर, सुई चालू रहल ना?"

"बोटाला शाई लावून या, मग कार्डाची काळजी सोडा," एकनाथ म्हणाला. अंगणभर माणसं ऐकत होती. आपण झकास बोललो, असं त्याला वाटलं.

अण्णासाहेब निवडून आले. एक मार्चला कागद भिंतीवर चढला. झरीच्या किती जणांना तो वाचता येणार होता? तीन तारखेला तुळशी आली. हिरू पायरीवरच धापा टाकत बसला. तिने कार्ड टेबलावर ठेवलं आणि डाव्या हाताच्या बोटाचं फडकं सोडू लागली. विळा लागला असेल, असं एकनाथला वाटलं.

फडक्याखाली शाई होती, जशीच्या तशी.

"पुसू नाय दिली," ती म्हणाली. "शेणात हात नाय घातला, भांडी पोरीनं घासली. तूच बोललास ना, शाई लावली का सुई मिलल."

एकनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कपाटात सुईच्या औषधाच्या सहा बाटल्या होत्या, किल्ली त्याच्याच कमरेला होती. "वरून हुकूम आलाय, बाई," एवढंच तो बोलला आणि गोळ्यांची पुडी बांधू लागला.

बोटाला पुन्हा फडकं गुंडाळत तुळशीने विचारलं, "शाई अजून राखू काय?"

आणि त्याने मान डोलावली. नको म्हणायचीही त्याला लाज वाटली.

एप्रिलात हिरू गेला.

जूनमध्ये जिल्हा परिषदेला अण्णासाहेबांचा पुतण्या उभा होता. झरीच्या शाळेबाहेर एकनाथ मतदारांच्या चिठ्ठ्या घेऊन टेबलाशी बसला. सारं गाव त्याच्यासमोरून गेलं आणि सगळ्यांनी चिठ्ठ्या पलीकडच्या, विरोधकांच्या टेबलावरून घेतल्या. तुळशी मत देऊन बाहेर आली, त्याच्यासमोर थांबली आणि तिने उघडं बोट दाखवलं.

"आज फडकं नाय बांधलं, डागतर."

पुतण्याचं डिपॉझिट गेलं. दुसऱ्याच दिवशी अण्णासाहेब दवाखान्यात धावत आले. "कार्डावर सुया सुरू कर. आजपासून!"

एकनाथने कपाट उघडलं. सहाच्या सहा बाटल्या तिथेच होत्या.