थेंबही आला नाही

“पंप बदला,” असं साहेबांनी सांगितलं तेव्हा भट्टीतून निघणारं तेल दोनशे चाळीस अंशांवर होतं, आणि माझा धाकटा दीर आता चालू करायच्या दुसऱ्या पंपाला खेटून उभा होता.

तीन आठवडे दुरुस्तीसाठी बंद असलेला आमच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातला मनोरा त्या सकाळी पुन्हा सुरू होत होता. काम सांगायला सोपं आहे. कच्चं तेल भट्टीत तापवून मनोऱ्यात सोडायचं. हलकं ते वाफ होऊन वर चढतं, जड ते तळाशी राहतं. पेट्रोल वरून काढायचं, रॉकेल मधून, डिझेल त्याच्या खालून. मनोरा नीट तापेपर्यंत मात्र तळातलं तेल पंपाने ओढून पुन्हा पुन्हा भट्टीतून फिरवायचं. यात भीती एकाच गोष्टीची, पाण्याची. दुरुस्तीत धुण्यासाठी वापरलेलं पाणी कुठल्या नळीत राहिलं आणि तापल्या तेलात शिरलं, तर त्याची क्षणात वाफ होते. दोन बादल्या पाणी मनोऱ्याच्या आतले मजले उखडून टाकतं, शेजारी उभ्या माणसाचं तर विचारूच नका.

म्हणून मनोरा थंड तेलाने भरला, की खालचे, पंपांखालचे धरून, बारा नळ उघडून पाणी काढायचं आणि यादीवर सही करायची. ती दिराने केली होती. स्वतः जाऊन तपासायचं आणि दुसरी सही करायची, ती मी केली होती. न तपासता.

का, तर मागच्या महिन्यात त्याचं एक काम मी पुन्हा जाऊन पाहिलं आणि त्यात काही चूक निघाली नाही. सासूबाई आठ दिवस तोंड फुगवून होत्या. “दिरावर पहारा ठेवते,” असं त्या शेजारणीच्या कानात मला ऐकू येईल इतक्या हळू बोलल्या. या वेळी म्हटलं, नको ती कटकट. अक्कल गहाण ठेवली, दुसरं काय!

मी कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर बसले होते. चालू असलेला पहिला पंप खडखडत होता, म्हणून दुसऱ्यावर जायचं होतं. वॉकीटॉकीवर दिराचा आवाज आला, “वहिनी, तयार आहे. करा चालू.”

बोट बटणावर होतं. पण मन खाऊ लागलं, म्हणून विचारलं, “भाऊजी, या पंपाखालच्या नळातून पाणी किती आलं होतं?”

“थेंबही आला नाही. ठणठणीत कोरडा.”

“आणि तेल?”

“तेलही नाही. सांगतोय ना, कोरडा!”

नळीत पाणी नसेल तर नळातून तेल यायला हवं. काहीच आलं नाही, म्हणजे नळ गाळाने बुजलेला, आणि पाणी त्याच्यावर तसंच उभं.

“बाई, वाट कसली बघताय?” साहेब ओरडले. “हा पंप बंद पडला तर भट्टीतल्या नळ्या जळतील!”

“भट्टी उतरवतेय.”

“कोणाला विचारून?”

“तुम्हाला सांगतेय ना आता.” मी आग कमी केली. “भाऊजी, त्या नळात तार घाला. तोंडासमोर उभे राहू नका.”

“माझ्यावर विश्वास नाही का?”

“नाही.”

सगळ्या खोलीने ते ऐकलं. पडद्यावर दोनशे छत्तीस, मग दोनशे एकतीस. पहिल्या पंपाची थरथर वाढतच होती.

“वहिनी,” तो एकदम हळू बोलला. “पाणी.”

“किती?”

“येतंय अजून.”

चार मिनिटांनी विचारलं, तरी तेच. साहेबांनी यादी उचलली. “ही यादी तपासली कोणी?”

“मी. न बघता सही केली.”

वॉकीटॉकी चालूच होता. “पहिली सही माझी आहे, साहेब,” दीर म्हणाला. मग जरा थांबून, “वहिनी, यापुढे माझ्या मागे येऊन बघत जा. आईला काय सांगायचं ते मी सांगतो.”

मला रडू फुटलं. रागही आला, त्याचा नाही, माझाच.

“बरं, झालं ते झालं,” साहेब म्हणाले. “पाणी संपलं की पंप चालू करा.”

“नाही.” मी शेजारच्या सहकाऱ्याला माझी खुर्ची दिली आणि हेल्मेट उचललं. “बाकीच्या अकरा नळांवरही मी अशीच सही केली आहे.”