पाहुण्यांना रस्ता देताना

फोड आता पांढरी राहिली नव्हती. कडेनं तांबूस, मध्ये सुपारीसारखी करडी, आणि बी फुटावी म्हणून जिथं नख रोवलं होतं तिथं नखाची कोर अजून तशीच... फिंदानं ती कोला नावाच्या कडू बीची वाळकी फोड कमरेच्या कापडाच्या गाठीतून काढून तळहातावर घेतली, नाकाशी नेली. वास आला तो नुसता आपल्याच कापडाचा – धुराचा, पाम तेलाचा. मग परत गाठ मारली. घट्ट. दुपारी लागायची होती.

एवढीशी बी. पण सकाळपासून सगळं गाव तिच्या कमरेकडे बघत होतं, आणि या वयात कमरेकडे बघणारे वाढले की काहीतरी गडबड आहे हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती.

ज्यानं कोला फोडला त्यानं परका पदरात घेतला – हे पूर्वापार. परक्यानं कुणाच्या मळ्यातला कसावा उपटला तर मळेवाला परक्याकडे जात नाही, यजमानाच्या दारात येऊन खाकरतो. परका मेला तर खड्डा यजमानानं खणायचा. आणि निघायच्या वेळी यजमानानं चारचौघांत कोलाची उरलेली फोड हातावर ठेवून 'जा, रस्ता तुझा' म्हटल्याशिवाय जाणारा गेला असं होत नाही. पळाला असं होतं. आता, बंदूकवाल्या पाहुण्यांना यजमान म्हातारा हवा, पुरुष हवा, खरं तर चीफ हवा. पण पैसे घेऊन लढणाऱ्या परक्या कंपनीची माणसं ट्रकांतून आणि आभाळातून गावात उतरली त्या दिवशी चीफ फासुलुकू सीमेपलीकडे, गिनीत, मावसभावाकडे 'सल्लामसलतीला' गेलेला होता. बंडखोर गावात होते तोवर ती सल्लामसलत चालली. इतका वेळ तर लग्नाच्या बोलणीलाही लागत नाही. म्हातारे रानात. फिंदाचा नवरा पा कोम्बा त्याच रानात तापानं गेलेला. आणि शाबूत ओटा असलेलं घर एकच उरलं होतं – तिचं. म्हणून तो उंच, काळा, अंगोलाचा दोमिंगुश, कुणीतरी वाटेत शिकवलेलं असावं तसा, पानात गुंडाळलेला कोला घेऊन तिच्या पायरीशी वाकला. बंदूक पाठीवर, कोला हातात.

"आई, आम्ही आलोय."

आणि तिनं फोडला. का फोडला? भूक होती, भीती होती, आणि कितीतरी दिवसांत तिला कुणी आई म्हटलं नव्हतं. मागं दारात तेने उभी होती, तिची सवत, तिच्याहून पंधरा पावसाळ्यांनी लहान. ती कानाशी कुजबुजली होती – "अगं बाई, एवढे मुलगे एका दमात? मी इतकी वर्षं घासले तरी एक नाही, आणि तू नुसती ओट्यावर बसून..."

चुलीवर कसावाची पानं शिजत होती. फिंदानं मिरची कुटून टाकली, चमचा चाटला, थांबली, आणि आणखी मूठभर टाकली. तेने एवढी टाकायची. त्यावरून या अंगणात किती भांडणं झाली – 'तुझ्या जिभेला चामडं लावलंय', 'आणि तुझ्या हाताला कंजूषपणा' – पा कोम्बा तेवढ्यापुरता शेजारी जाऊन बसायचा आणि दोन्ही भांड्यांतलं जेवून परत यायचा. आता भांडायला कुणी नव्हतं, तर हात आपोआप तिच्या मापानं पडत होता. मेलेली माणसं जिंकतात ती अशी...

"मा फिंदा, धूर डोळ्यात गेलाय की काय?" न्यांदे कुंपणातूनच आत आली. पाम तेल विकणारी, पलीकडच्या घरातली. तोंडाचा पट्टा बाजारात प्रसिद्ध. चुलीपाशी बसली, झाकण उचललं, नाक मुरडलं. "बाई गं! कुणाला मारायचा बेत आहे? कंपनीच्या त्या गोऱ्या कर्नलला? त्याची मान आधीच लाल."

"तू खायला आलीस की सांगायला?"

"सांगायला. खाईन पण." न्यांदेनं आवाज उतरवला. "बाजारातल्या बायकांनी पाठवलंय. म्हणतात, रस्ता देऊच नकोस. तू फोड दिली नाहीस तर ते कसे जातील?"

"हेलिकॉप्टरनं जातील."

"चेष्टा नको. तिकडे राजधानीत कुणी सह्या केल्या, परकी माणसं निघून जावीत म्हणून. सह्या करणाऱ्यांच्या घराला भिंती आहेत. आपल्याला काय आहे? हे गेले की ते येणार, मा फिंदा. तुला माहीत आहे. मला माहीत आहे. रानातल्या माकडालासुद्धा माहीत आहे."

माहीत होतं. हा जमेचा भाग ती कधीच नाकारत नव्हती. कंपनीची माणसं आली आणि दुसऱ्या आठवड्यात बाजार भरला. पोरी एकट्या पाण्याला जाऊ लागल्या. दोमिंगुशनं तिच्या छपराचे पत्रे स्वतः वर चढून ठोकले आणि वरून विचारलं होतं, 'आई, इथून तुझं सगळं गाव दिसतं, विकायचंय का?' गावानं त्यांच्यासाठी गाणी रचली. सरकारनं त्यांना हिऱ्यांची खाण दिली म्हणे, त्यांच्या कामाबद्दल. ते त्यांचं आणि सरकारचं. हे लोक दयेनं आलेले नाहीत हे गावातल्या आंधळ्यालाही कळत होतं. पण जो मोबदला घेऊन का होईना दार राखतो, त्याच्यामागं झोप लागते. ती झोप आपण घेतली. मी घेतली. हे जमेला.

आणि नावे बाजूला नदी.

सुकीच्या दिवसांत पाणी उतरलं की बायका जाळी घेऊन नदीत उतरतात – वेताच्या गोल कड्याला बांधलेलं हातजाळं, एकेकीचं एकेक. त्या दिवशीही तशाच, रांगेनं कमरेइतक्या पाण्यात. तेने त्यांत पुढं. न्यांदे शेवटी, कारण ती बोलत राहते आणि मासे पळतात. काठावर माशांना धुरी द्यायला शेकोट्या पेटवलेल्या. आणि वरून यंत्राचा आवाज आला... बंडखोर असते तर काय केलं असतं? झाडीत पळाले असते. आणि या? या का पळतील? हे तर फिंदाच्या मुलांचं यंत्र! तेने म्हणाली म्हणे, 'अगं, आमचे पोरगे आले,' आणि सगळ्या पाण्यातून वाळूवर धावल्या, मोकळ्यावर, स्पष्ट दिसेल अशा, आणि हातातली जाळी दोन्ही हातांनी वर धरून नाचल्या. वरच्यानं धूर पाहिला. खांद्याच्या वर उचललेलं काहीतरी पाहिलं. बस्स.

न्यांदे मागं राहिली होती म्हणून वाचली. काठाच्या मुळ्यांखाली, नाक तेवढं पाण्याबाहेर.

संध्याकाळी कर्नलनं सांगितलं होतं: नदीवर बंडखोरांचा तळ होता, त्यांच्या बायका होत्या. चीफ फासुलुकूनं मान हलवली. गिनीतून परतल्यापासून त्याची मान फार हलकी झाली होती. घरावर कंपनीचे नवे पत्रे आणि खाली हलकी मान. शिपायांनी तिथंच वाळूत सगळ्यांना घाईनं पुरलं. तेव्हापासून तेनेचं चाळिसाव्याचं जेवण नाही, नाव घेऊन रडणं नाही. बंडखोरांच्या बायकांसाठी कोण रडतं?

"न्यांदे," फिंदा म्हणाली, "बारीत मी ते बोलणार आहे."

बारी म्हणजे गावाचं उघडं सभागृह, भिंती नसलेलं. तिथं बोललेलं परत गिळता येत नाही. न्यांदेनं झाकण खाली ठेवलं.

"तेने परत येणार आहे का?"

"नाही."

"मग? एका बाजूला सगळं गाव. एका बाजूला... मी होते तिथं, मा फिंदा, तू नव्हतीस. मला सांगू नकोस. मी रोज रात्री ते पाणी पिते. पण त्यांनी आपल्याला वाचवलं हेही खरं ना? आणि रागानं गेले तर पुन्हा हाक मारायला तोंड उरेल? धर ना दोन्ही एकमेकांत वळतं करून."

वळतं करून. हेच सगळे म्हणत होते, फक्त शब्द वेगळे. हा त्याच्यात, तो ह्याच्यात, आणि खाली रेघ. फिंदानं आयुष्यभर माणसं पाहिली होती: कोण कुणाच्या उपकाराखाली वाकलाय, कोण उपकार केल्याचं दाखवून मीठ मागतो, कोण दिलेलं विसरतो आणि घेतलेलं त्याहून लवकर. तिच्या डोक्यात सगळ्यांची खाती होती आणि कधी चुकत नव्हती. म्हणूनच तिला पक्कं ठाऊक होतं. तेनेचं देणं गावाच्या खात्यात वळतं होत नाही. झोपेचं देणं वेगळं, ते मी फेडीन, शंभरदा वाकीन. पण तेने ही काही गावानं दिलेली किंमत नव्हे. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती नाचत होती.

"खा," ती म्हणाली. "आणि तुला यायचं नसलं तर येऊ नकोस."

न्यांदेनं पहिला घास घेतला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मिरची," ती म्हणाली. "किती गं टाकलीस, मेले."

बारीत पोचण्याआधी चीफनं तिला आंब्याखाली गाठलं. अंगात शहरी कोट, घामानं चिकटलेला.

"मा फिंदा, कशी आहेस? तब्येत? घरची माणसं?"

"देवाची कृपा. माणसं कमी आहेत, त्यामुळे तब्येत विचारायला वेळ लागत नाही, चीफ."

तो हसला, कुठं हसायचं हे त्याला कधीच नीट जमलं नाही. "आज साधं ठेव. फोड दे, दोन शब्द दे. रस्ता गोड असावा. कोला तुझ्या हातात फुटला म्हणून, नाहीतर तुला त्रास दिला नसता. मी होतो ना!"

"होतात ना. गिनीत होतात."

"जीभ सांभाळ, बाई."

"सांभाळतेच आहे, पा. एवढे दिवस सांभाळली, आता जड झालीय."

ती पुढं गेली. सकाळी उठल्यापासून तिच्या मनात एक वाक्य तयार होतं, घासून पुसून, सुरीसारखं: तुम्ही तेनेला मारलंत. एवढंच. त्याच्या लाल मानेकडे बघत. आणि मग बंडखोर येवोत, न येवोत, आभाळ पडो...

बारी भरलेली. लोक खांबांना टेकून, बाहेर उन्हातही. कर्नल उठून उभा राहिला, टोपी काढली. टोपीखालचं कपाळ लहान मुलासारखं गोरं होतं, आणि त्या कपाळाचा तिला राग येईना हे तिला आवडलं नाही. शेजारी दोमिंगुश, दोघांच्या मधली जीभ. तो तिच्याकडे बघत नव्हता. छपरावर चढून चेष्टा करणारा तो – जमिनीवरच्या एका मुंगीकडे बघत होता. म्हणजे याला माहीत आहे. याला कधीपासून माहीत आहे?

तिनं गाठ सोडली. फोड तळहातावर घेतली. कर्नलनं हात पुढं केला, उजवा, खाली डावा आधाराला – रीत शिकून आला होता. न्यांदे खांबाआड होती. आली होती. दोन्ही हात काखेत दाबून, जणू ते सुटले तर आपोआप वर जातील...

तुम्ही तेनेला – वाक्य ओठापर्यंत आलं, आणि तिथं अडलं. भीतीनं नाही. फोडीवरच्या त्या नखाच्या कोरीवर अंगठा टेकला होता आणि कोर तिच्याच नखाची होती. कोला ज्यानं फोडला... मळेवाला परक्याकडे जात नाही. यजमानाकडे येतो. इतके दिवस मी दारात उभी राहून मळेवाल्यासारखी खाकरत होते. आणि दार माझंच होतं. 'आमचे पोरगे आले' – तेनेनं हे माझ्या शब्दावर म्हटलं. माझा शब्द वर धरून ती नाचली.

आत काहीतरी मोडेल असं वाटलं होतं. मोडलं नाही; बसलं. ओझं डोक्यावर नीट बसतं तसं – आणि नीट बसलेलं ओझं घेऊन बाई कितीही लांब चालते.

"ऐका," ती म्हणाली, कर्नलला नव्हे, गावाला. "ही माणसं माझे पाहुणे. यांनी चांगलं केलं ते तुम्ही सगळ्यांनी खाल्लं. यांनी वाईट केलं त्याचा जाब माझ्या दारात मागायचा. नदीवर माझ्या पाहुण्यांनी माझी सवत मारली. तेने. पा कोम्बाची बायको. बंडखोराची नव्हे. ती आणि तिच्याबरोबरच्या सगळ्या. जाळी होती त्यांच्या हातात. मी यजमान आहे, मी सांगते."

मागं कुणीतरी नाव घेऊन रडायला सुरुवात केली आणि थांबलं, परवानगी आहे की नाही न कळल्यासारखं.

"काय म्हणाली?" कर्नलनं त्याच्या भाषेत विचारलं, एवढं तर तिला सुरावरून कळलं. हात अजून पुढंच होता.

दोमिंगुशनं मान वर केली. पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"सांग त्याला," फिंदा म्हणाली. "सगळं सांग. मग तो तेवढंच इथं, सगळ्यांसमोर म्हणेल. मग रस्ता."

"आई..." तो म्हणाला. कर्नलकडे वळला नाही.

ती थांबली. पलीकडे मैदानावर यंत्राची पाती फिरायला लागली होती, धूळ बारीत येत होती, लोक डोळे चोळत होते. फिंदानं मूठ मिटली. ते निघून जाऊ शकत होते, अर्थातच. कोलाची एक वाळकी फोड कुठल्या पात्यांना अडवणार? उद्या गावाला तिच्या नावानं बोटं मोडायची असली तर मोडू देत, तेही तिच्याच दारात. तिला घाई नव्हती. जिभेवर अजून तेनेच्या मापाची मिरची चुरचुरत होती आणि ती तशीच राहावी असं तिला वाटत होतं... मुठीतली फोड हळूहळू ऊन होत गेली, जशी हातात धरलेली कुठलीही गोष्ट होते, आणि ती त्या दोघांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली, दाराशी आलेल्या माणसाकडे घरची बाई बघते तशी.