न ओघळणारी रेघ

विदुरीच्या डाव्या हातावर सात कंपन्यांच्या जेल आयलायनरच्या सात रेघा होत्या. त्यांवर मिठाचं पाणी सोडून दहा मिनिटांनी तिने पुसून बघितलं, तर एकच टिकली होती. जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या लग्नात नवरी आईवडिलांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून रडते. थोरल्या बहिणीचा त्या वेळचा फोटो भुतासारखा आला होता. विदुरीला तसा नको होता.

लग्नात ती आईच्या मांडीवर हमसून हमसून रडली. मान वर केली तेव्हा रेघ जिथल्या तिथे होती.

"ही रडलीच नाही गं," सुलास्त्री मावशी म्हणाली.

"मावशी, आईचं बातिक ओलं झालंय बघ."

"घामाने झालं असेल. उद्या सासरचे फोटो बघून म्हणतील, पोरीला माया नाही. फोटोवाले, थांबा जरा."

मावशीने पर्समधलं आपलं स्वस्त काजळ विदुरीच्या डोळ्यांत घालून तिला पुन्हा वाकवलं. आता विदुरीला काही केल्या रडू येईना. तेव्हा मावशीने पाण्याच्या पेल्यात बोट बुडवून प्रत्येक डोळ्याखाली दोन थेंब सोडले.

काजळ साडेचार सेंटिमीटर ओघळलं.