जिवंत माणूस लावायचा नाही

माझ्या लाँड्रीच्या दाराशी एक बाक आहे. त्यावर रोज संध्याकाळी तीन रिकामटेकडे बसतात आणि मेलेल्या बॉक्सरांच्या मारामाऱ्या लावतात. एक चष्म्याच्या दुकानाचा मालक, एक निवृत्त कंडक्टर आणि एक मास्तर. तिघांच्या मिळून सहा हातांनी आजवर एक डास धड मेलेला नाही. पण बोलणं ऐकावं! "तो ठोसा ना, मी असतो तर सहज चुकवला असता," असं कंडक्टर म्हणतो. बाकावरून उठताना या माणसाला दोन्ही बाजूंनी हात द्यावा लागतो.

त्यांची पद्धत ठरलेली आहे. आयुष्यात कधी समोरासमोर न आलेले दोन चॅम्पियन निवडायचे. चष्मेवाला एकाची बाजू घेतो, कंडक्टर दुसऱ्याची, आणि दोघं फेरीमागून फेरी तोंडानंच लढतात. मास्तर पंच. तो चहाच्या ग्लासवर चमचा वाजवतो, ती घंटा. निकालही तोच देतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच निकालावरून तिघं पुन्हा एकमेकांच्या उरावर बसतात. आत मी वाफेच्या इस्त्रीपुढे घामानं निथळत असते आणि ही अक्कल फुकटात ऐकत असते.

नियम एकच: जिवंत माणूस लावायचा नाही. मागे एकदा त्यांनी एका हयात बॉक्सरला तिसऱ्या फेरीत आडवा केला होता. कुणीतरी ते त्याच्या कानावर घातलं. तो आला, तिघांसकट बाक उलटा केला आणि निघून गेला. त्या दिवसापासून यांचा सगळा अभ्यास मेलेल्यांवर. मेलेला माणूस बाक उलटा करायला येत नाही ना!

आता दुखणं असं, की लाँड्रीच्या वरच्या खोलीत माझे वडील झोपून असतात. अण्णा. त्यांच्या काळात त्यांना 'मुंगूस' म्हणायचे. बॉक्सिंगचा हलक्या वजनाचा पट्टा एक वर्ष त्यांच्याकडे होता, पुढच्या वर्षी गेला. बास, एवढीच कारकीर्द. त्यांची खिडकी बरोबर बाकाच्या डोक्यावर आहे आणि पाय गेले तरी कान शाबूत आहेत. चमचा वाजला की विचारणार, "आज कोण गं?" मी नावं सांगायची. मग छताकडे बघत म्हणणार, "माझं नाव काही निघत नाही."

मला चीड यायची. त्या तिघांची तर यायचीच, पण अण्णांचीही. ज्या माणसानं खरे ठोसे खाल्ले, त्यानं या तोंडपाटीलकी करणाऱ्यांच्या दाखल्यासाठी झुरावं? एकदा पडदे बदलता बदलता मी फाडकन बोलून गेले, "तुम्ही मेल्याशिवाय नाही घेणार ते तुम्हाला. तसा नियमच आहे त्यांचा."

अण्णांनी यावर नीट विचार केला. म्हणाले, "मग ऐकायला कसं मिळणार?"

त्यानंतर काही दिवसांनी अण्णांची छाती भरली. अँब्युलन्स आली, दुकानाचं शटर खाली गेलं, आणि मी आठवडाभर हॉस्पिटलच्या बाकड्यावर काढला. अण्णांना घेऊन परतले ते मागच्या गल्लीनं, भर दुपारी, जेव्हा हे तीन विद्वान आपापल्या घरी घोरत असतात. वर डोकं उचलून देणारा नवा पलंग आणला होता, म्हणून जुनी खाट भंगारवाल्याला दिली. गल्ल्यामागच्या अण्णांच्या फोटोची काच तडकली होती, तो उतरवून काच बसवायला टाकला. त्यांचा रिंगमध्ये घालायचा हिरवा झगा धुऊन वर नेला, कारण त्यांना आता सारखी थंडी वाजायची.

दुकान उघडलं तर तिघंही भलतेच मऊ. कंडक्टर म्हणाला, "काळजी घे हो, ताई." चष्मेवाल्यानं तर मान खाली घालून कपडे नेले, कॉलरवरून कटकट नाही, काही नाही. मला वाटलं, आजारपणाचं कळलं असेल, आली असेल थोडी माणुसकी. कसली माणुसकी! अँब्युलन्स गेलेली पाहिली, शटर पाहिलं, खाट भंगारात, फोटो गायब. यांनी हिशेब जुळवून टाकला. आणि मयताला आपण गेलो नाही, तर आता विचारायचं कुठल्या तोंडानं, म्हणून तिघंही मूग गिळून बसले.

हे मला कळलं ते वर अण्णांना सूप भरवताना. खाली चमचा वाजला आणि मास्तरचा आवाज आला, "आज कातळ विरुद्ध मुंगूस."

माझ्या हातातलं सूप पलंगावर सांडलं. कातळ म्हणजे त्याच वजनातला सगळ्यांत मोठा. अण्णा पोरसवदा असतानाच वारलेला. आणि हे मुडदे माझ्या जिवंत बापाला, माझ्याच दारात, माझ्याच बाकावर बसून मेलेल्यांत घालत होते!

"थांबा, त्या तिघांना इस्त्रीच लावते," म्हणून मी उठले, तर अण्णांनी माझं मनगट धरलं. कित्येक महिने त्या हाताला पेलाही धरवत नव्हता.

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "राहू दे मला मेलेला. निकाल तरी कळू दे."

मी बसले. खिडकीची फट मीच मोठी केली.

चष्मेवाल्यानं कातळ घेतला होता. अण्णा आले कंडक्टरच्या वाट्याला, म्हणजे नशीबच फुटलं. पण गडी त्या दिवशी तावात होता. पहिल्या फेरीत त्यानं मुंगसाला असा नाचवला, की अण्णांचे खांदे पांघरुणात हलू लागले. दुसरी गेली, तिसरी गेली. "अरे, खाली वाक, खाली," अण्णा पुटपुटत होते. चौथ्या फेरीत कंडक्टरला खोकल्याची उबळ आली आणि चष्मेवाल्यानं तेवढ्यात डाव साधला. पाचवी सुरू होताच बरगडीत एक, जबड्यावर एक. "मुंगूस आडवा!"

"एक," मास्तर मोजू लागला. "दोन."

"मुंगूस पडला की उठत नसे," चष्मेवाला म्हणाला. "पट्टा तसाच तर घालवला."

"खोटं आहे!" अण्णा म्हणाले. "तिथे मी उठलो होतो. गुणांवर हरलो."

"चार. पाच."

त्यांनी पांघरूण फेकलं. "अण्णा, वेड लागलं का?" मी ओरडले. त्यांनी पाय खाली सोडले. सहा झाले. माझ्या खांद्यावर त्यांचा सगळा भार आला, आणि भार तरी कसला, धुतलेल्या चादरीएवढा. आठला त्यांचा हात खिडकीच्या चौकटीवर पोचला.

"नऊ—"

"उठलोय!" अण्णा खिडकीतून गरजले. "अरे आंधळ्यांनो, उठलोय मी!"

खाली तिघांनी माना वर केल्या. हिरव्या झग्यातलं, दाढी वाढलेलं भूत त्यांच्या डोक्यावर मूठ उगारून उभं होतं. कंडक्टर, ज्याला उठायला दोन माणसं लागतात, तो कुणाच्याही मदतीशिवाय रस्त्याच्या पलीकडे पोचला. चष्मेवाल्याचा चष्मा गटारात. बाक दुसऱ्यांदा उलटा झाला, तोही कुणी हात न लावता.

मास्तर तेवढा पळाला नाही. त्यानं वर पाहिलं, ग्लासवर चमचा वाजवला आणि म्हणाला, "जिवंत आहे. नियमात बसत नाही. लढत रद्द."

धन्य रे बाबा! समोर मेलेला माणूस उठून उभा राहिला, आणि याला नियम आठवला.

मी अण्णांना कसंबसं पलंगावर टेकवलं. छातीचा भाता चालू होता, ओठ निळसर पडले होते, आणि माणूस हसत होता. माझ्या डोळ्यांना धार लागलेली, ती रागाची होती की कशाची, माझं मलाच ठाऊक नाही.

"रद्द म्हणजे हरलो नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही अण्णा."

मग माझा हात धरून म्हणाले, "मी गेलो की हे पुन्हा लावणार. तेव्हा खाली जाऊन सांग त्यांना, पहिल्यापासून नाही सुरू करायचं. पाचवी फेरी चालू आहे, आणि मी उभा आहे."